आठ हजार पटस्थितींची साक्ष

२८ जून २०११ रोजी इंटरनॅशनल कॉम्प्युटर गेम्स असोसिएशन, संक्षेपाने आयसीजीए, या संघटनेने एक अत्यंत कठोर निकाल जाहीर केला. २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षे संगणकांचे बुद्धिबळातील जगज्जेतेपद मिळवणारे ‘रिब्का’ हे इंजिन अपात्र ठरवण्यात आले. त्याचे कर्ते वासिक राइलिख यांची २००६ ते २०१० या काळातील सर्व स्थाने रद्द झाली, त्यांच्यावर आजीवन बंदी आली, आणि करंडक व बक्षिसाची रक्कम परत करण्यास त्यांना सांगण्यात आले. आरोप असा होता की, ‘फ्रूट’ नावाच्या दुसऱ्या इंजिनातून त्यांनी काम उचलले आणि मूळ कर्त्याचे नाव लपवले.

या निकालामागे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावा असा एक प्रश्न उभा आहे. इंजिन म्हणजे शेवटी एक बंद पेटी. आतला सोर्स कोड कर्ता दाखवत नाही. बाहेर दिसतात त्या केवळ चाली. मग निव्वळ चालींवरून दोन इंजिनांचे नाते ओळखता येईल का? आणि ओळखता आले, तर त्या ओळखीला पुरावा म्हणावे की नुसता संशय?

ठरावीक पटस्थिती समोर ठेवून संगणकाची परीक्षा घेण्याची पद्धत चोरी पकडण्यासाठी जन्मलेली नव्हती. १९८२ साली इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक या संगणकशास्त्रज्ञांनी २४ पटस्थितींचा एक संच प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२ स्थितींत डावपेचांची, म्हणजे पुढच्या चालींची नेमकी आकडेमोड करण्याची कसोटी होती. उरलेल्या १२ स्थितींत प्रतिपक्षाच्या प्याद्यांच्या रचनेला योग्य जागी धक्का देणारे प्यादे ओळखायचे होते. प्रत्येक स्थितीचे उत्तर ठरलेले असे आणि किती उत्तरे बरोबर आली यावरून माणसाचे वा यंत्राचे बळ अजमावले जाई. पुढे असे अनेक संच निघाले. ‘स्ट्रॅटेजिक टेस्ट सूट’ या संचात तर १५ विषयांच्या प्रत्येकी १०० अशा १५०० स्थिती होत्या. या साऱ्यांचा हेतू एकच होता: इंजिन किती चांगले खेळते हे मोजणे.

साम्याची चाचणी वेगळा प्रश्न विचारते. तिला बरोबर उत्तराशी कर्तव्य नाही. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखीच असली, तर परीक्षकाला नवल वाटत नाही. पण जिथे चार उत्तरे सारखीच ग्राह्य आहेत तिथे दोघांनी वारंवार एकच निवडले, तर भुवया उंचावतात. बुद्धिबळातही मोकळा पडलेला वजीर कोणतेही इंजिन मारणारच. खरी ओळख पटते ती शांत स्थितीत, जिथे उंट हलवावा, हत्ती मोकळ्या स्तंभावर आणावा की कडेचे प्यादे एक घर पुढे सरकवावे, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडलेले असते.

चालींच्या साम्यावरून संशय घेण्याची उदाहरणे जुनी आहेत. १९८९ साली पोर्तोरोझ येथील सूक्ष्मसंगणकांच्या जागतिक स्पर्धेत ‘क्विकस्टेप’ हा स्पर्धक बाजारात विकल्या जाणाऱ्या ‘मेफिस्टो आल्मेरिया’ची नक्कल म्हणून बाद झाला. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझच्या जागतिक स्पर्धेत मात्र वेगळेच घडले. ‘लिस्ट’ नावाचे इंजिन ‘क्राफ्टी’ या सर्वांना खुल्या असलेल्या इंजिनावरून बेतले असावे, अशी शंका आली. कर्त्याने तिथल्या तिथे सोर्स कोड दाखवण्यास नकार दिला आणि त्याला स्पर्धेबाहेर काढण्यात आले. पुढे तपासणीत तो आरोप टिकला नाही व बंदी मागे घेण्यात आली. संशयाला मोजपट्टी नसेल तर निरपराध माणूसही भरडला जातो, हा या प्रकरणाचा धडा होता.

रिब्काच्या प्रकरणाची बीजे २००५ सालची. फाब्यां लेतुझे या फ्रेंच प्रोग्रामरने त्या वर्षीच्या जून महिन्यात ‘फ्रूट २.१’ ही आवृत्ती सोर्स कोडसह जीपीएल परवान्याखाली प्रसिद्ध केली. हा परवाना कोड वाचायला, वापरायला, बदलायला मोकळीक देतो. पण त्यावर उभे केलेले काम वितरित करायचे असेल, तर त्याचाही कोड त्याच अटींवर खुला करावा लागतो. फ्रूटचा कोड सुटसुटीत आणि वाचनीय होता. ऑगस्टमध्ये रेक्याविक येथील जागतिक स्पर्धेत फ्रूटने दुसरा क्रमांक मिळवला. डिसेंबरमध्ये रिब्काची पहिली बीटा आवृत्ती आली आणि पाहता पाहता सर्व क्रमवारींच्या शिखरावर जाऊन बसली. फ्रूटचा कोड पुढून मागून वाचला आणि त्यातून पुष्कळ काही घेतले, हे राइलिख यांनी त्याच महिन्यातील एका मुलाखतीत उघडपणे सांगितले होते. काय घेतले, कल्पना की प्रत्यक्ष काम, हाच पुढच्या वादाचा गाभा ठरला.

२००७ मध्ये ‘स्ट्रेल्का’ नावाचे एक इंजिन आले. ते आपल्या रिब्काची उलट्या मार्गाने केलेली नक्कल आहे, असे राइलिख यांनी म्हटले. पण स्ट्रेल्काचा कोड पाहणाऱ्यांना त्यात फ्रूटची चिन्हे दिसू लागली. स्ट्रेल्का रिब्काचे अपत्य असेल आणि तिच्यात फ्रूटचे गुण असतील, तर मधल्या पिढीबद्दल प्रश्न निर्माण होणे अटळ होते. जानेवारी २०११ मध्ये लेतुझे यांनी खुले पत्र लिहून या प्रश्नाची तड लावण्याची मागणी केली. काही आठवड्यांतच १६ प्रोग्रामरांनी आयसीजीएकडे तक्रार केली आणि चौकशी समिती नेमली गेली.

याच सुमारास डॉन डेली या अमेरिकी प्रोग्रामरने साम्य मोजण्याचे एक साधन तयार करून सर्वांना मोफत उपलब्ध करून दिले. डेली हे लॅरी कॉफमन यांच्यासह ‘कोमोडो’ या इंजिनाचे कर्ते. त्यांची पद्धत विलक्षण साधी होती. आठ हजारांहून अधिक पटस्थिती घ्यायच्या. प्रत्येक स्थिती इंजिनाला दाखवून अगदी थोडा वेळ, साधारण एक दशांश सेकंद, द्यायचा आणि त्याने निवडलेली चाल नोंदवायची. अशा नोंदींची लांबलचक यादी म्हणजे त्या इंजिनाचा ठसा. दोन इंजिनांच्या याद्या शेजारी ठेवून किती स्थितींत चाल एकच निघाली हे मोजले, की साम्याची टक्केवारी हाती येते.

हा आकडा वाचायचा कसा? मध्यडावातील एखाद्या स्थितीत साधारण तीस-पस्तीस नियमबद्ध चाली उपलब्ध असतात. दोन यंत्रे डोळे मिटून खेळली, तर त्यांची चाल जुळण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या आसपास राहील. पण चांगल्या चाली थोड्याच असल्यामुळे परस्परांशी काहीही संबंध नसलेली इंजिनेही सामान्यतः चाळीस ते पन्नास टक्के स्थितींत एकच चाल निवडतात. म्हणजे निम्म्याच्या जवळ जाणारे साम्य हा कोणताही गुन्हा नाही. ती पार्श्वभूमी आहे. प्रयोगशाळेत किरणोत्सार मोजणारा विद्यार्थी आधी रिकाम्या उपकरणाची मोजणी घेतो, तशी इथेही आधी स्वतंत्र इंजिनांची मोजणी घ्यावी लागते. दुसऱ्या टोकाला एकाच इंजिनाच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्या ठेवाव्या लागतात, म्हणजे खरे नाते असताना आकडा किती चढतो हे कळते. या दोन टोकांमधले अंतर ठाऊक नसेल, तर मधला कोणताही आकडा मुका असतो. व्यवहारात साठ टक्क्यांच्या वर गेलेल्या जोडीकडे लोक संशयाने पाहू लागले, ते अशाच तुलनांच्या आधाराने.

स्थितींची संख्या इतकी मोठी का, याचे उत्तर साध्या संख्याशास्त्रात आहे. जुळण्याची शक्यता निम्मी धरली आणि स्थिती परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर २४ स्थितींच्या संचात मोजलेल्या टक्केवारीची प्रमाण त्रुटी सुमारे १० टक्क्यांची निघते. म्हणजे खरे साम्य ५० टक्के असताना निव्वळ योगायोगाने ७० दिसणे अशक्य नाही. ८००० स्थिती घेतल्या, की हीच त्रुटी सुमारे ०.५६ टक्क्यांवर येते. ब्रात्को आणि कोपेक यांचा संच बळ अजमावायला पुरेसा होता. नाते ठरवायला तो कधीच पुरला नसता.

पण लहान त्रुटी म्हणजे निश्चिती नव्हे. १०० इंजिने घेतली तर त्यांच्या ४९५० जोड्या होतात. हजारात एकदाच घडावी अशी दुर्मीळ जुळणीदेखील इतक्या जोड्यांत चार-पाच वेळा घडणारच. सर्व जोड्या तपासून जी सर्वांत वर आली तिच्यावर बोट ठेवणे, आणि आधीपासून वेगळ्या कारणाने संशय असलेली जोडी तपासणे, या दोन गोष्टींचे वजन सारखे नसते. शिवाय बलवान इंजिने चांगल्या चालीकडेच ओढली जातात, तेव्हा त्यांच्यातले साम्य केवळ बळामुळे वाढत नाही ना, हेही पाहावे लागते. विचाराला दिलेला वेळ बदलला तर निष्कर्ष टिकतो का, हेही पाहावे लागते.

त्याहून मूलभूत प्रश्न असा की ही चाचणी नेमके काय मोजते. इंजिनाची दोन मुख्य अंगे असतात. पहिले अंग शोधाचे: पुढच्या शक्य चालींच्या फांद्या कोणत्या क्रमाने, किती खोल पाहायच्या. दुसरे मूल्यमापनाचे: फांदीच्या टोकाशी आलेली स्थिती किती चांगली, याला अंक देणे. दुहेरी प्याद्यांसाठी किती गुण वजा करावेत, राजाभोवतीची तटबंदी खिळखिळी झाली तर किती, ज्याच्या वाटेत प्रतिपक्षाचे प्यादे उरलेले नाही अशा प्याद्याला किती मान द्यावा, हे सारे मूल्यमापनात येते. शांत स्थितीतल्या आवडीनिवडी प्रामुख्याने इथे ठरतात. म्हणून चालींची चाचणी मूल्यमापनातील साम्य चांगले टिपते आणि शोधाच्या पद्धतीतील साम्य तिच्या नजरेतून बरेचसे निसटते. ज्याला हे ठाऊक आहे तो उसन्या इंजिनातील काही आकडे इकडेतिकडे करून टक्केवारी खाली आणू शकतो. उलट, दोन प्रामाणिक प्रोग्रामरांनी एकाच प्रसिद्ध कल्पनेवरून आपापले इंजिन बांधले, तर कोडची एकही ओळ न उचलता त्यांचे साम्य वाढू शकते. आणि साम्याला दिशा नसते. कोणी कोणाकडून घेतले, हे टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी तारखा पाहाव्या लागतात.

आयसीजीएच्या समितीपुढील मुख्य पुरावा म्हणूनच चालींचा नव्हता. फ्रूटचा सोर्स कोड उपलब्ध होता. रिब्काची फक्त यंत्रभाषेतील फाइल होती. तज्ज्ञांनी ती फाइल उलगडून तिच्यातील मूल्यमापनाचे घटक एकेक करून वाचले. दोन्ही इंजिनांची पट मांडण्याची पद्धत भिन्न होती. रिब्कात ६४ घरांसाठी ६४ बिट्सच्या संख्या वापरल्या होत्या, तर फ्रूटमध्ये घरांची सरळ यादी होती. त्यामुळे ओळीला ओळ जुळण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की शेकडो संभाव्य घटकांतून दोघांनी तेच निवडले आणि जवळपास त्याच रीतीने वापरले, हे योगायोगाने कितपत शक्य आहे. तुलनेसाठी इतर स्वतंत्र इंजिनांच्या जोड्याही त्याच निकषावर तपासल्या गेल्या. रिब्का आणि फ्रूट यांच्यातील जुळणी त्या पार्श्वभूमीहून खूपच अधिक निघाली. रिब्काच्या २००५ पूर्वीच्या आवृत्त्यांत क्राफ्टीचा कोड असल्याचेही समितीने नोंदवले.

राइलिख यांनी सविस्तर बचाव मांडला नाही. इतरांनी लिहिलेला खेळाचा कोड रिब्कात नाही, एवढे थोडक्यात कळवून त्यांनी असेही मत दिले की, उसनी इंजिने ओळखण्यासाठी चालींच्या साम्याची चाचणी ही अधिक चांगली पद्धत आहे. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे होते की, कल्पना घेणे म्हणजे चोरी नव्हे आणि ही रेघ समितीने पुसट केली. हा आक्षेप हलका नाही. विज्ञानात कोणीही रिकाम्या पाटीवर लिहीत नाही. २०१५ मध्ये फिडेच्या नीतिमत्ता आयोगाने आजीवन बंदीच्या शिक्षेवर आक्षेप घेतला. मात्र उसन्या कामाबद्दलचा मूळ निष्कर्ष त्याने उलटवला नाही.

डेली यांचे नोव्हेंबर २०१३ मध्ये निधन झाले. अॅडम हेअर आणि मार्क वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला शोधनिबंध २०१४ मध्ये ‘एंटरटेनमेंट कॉम्प्युटिंग’ या नियतकालिकात आला. आठ हजारांहून अधिक स्थिती आणि सुमारे शंभर स्वतंत्र इंजिने हा त्याचा मुख्य विदासंच. प्रयोगाच्या अटी बदलल्या तर आकडे किती हलतात आणि बलवान इंजिने एकमेकांसारखी खेळतात का, हे प्रश्न त्यात तपासले गेले. छंद म्हणून निघालेल्या साधनाला अशा रीतीने समीक्षित शास्त्राची शिस्त मिळाली.

पुढच्या दशकात प्रश्नाचे रूप पालटले. सप्टेंबर २०२० मध्ये ‘स्टॉकफिश’ या मुक्त इंजिनाने आपल्या मूल्यमापनात न्यूरल नेटवर्क आणले. फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीच्या चेसबेस कंपनीने ‘फॅट फ्रिट्झ २’ विक्रीस काढले. त्यात इंजिन स्टॉकफिशचे होते, नेटवर्क वेगळे. परवान्याच्या अटी मोडल्याचा दावा करत स्टॉकफिशच्या कर्त्यांनी त्याच वर्षी म्युनिकच्या न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०२२ मध्ये समझोता झाला. कंपनीने एका वर्षासाठी स्टॉकफिशवर आधारित उत्पादनांची विक्री थांबवण्याचे आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणारा अधिकारी नेमण्याचे मान्य केले. या प्रकरणात चालींच्या चाचणीवर कोणी विसंबून राहिले असते, तर फसगत होण्याचा धोका होता. चाचणीची नजर मूल्यमापनावर, आणि बदललेले होते तेच. कोड उचललेला असताना चाली दूर जाऊ शकतात. आणि दोन वेगळी इंजिने एकाच विदेवर शिकली, तर कोड भिन्न असताना चाली जवळ येऊ शकतात.

भारतातील संशोधक विद्यार्थ्यांना हा पेच परका वाटू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली साहित्यचौर्याविषयी विनियम केले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ६० टक्क्यांहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द. मध्ये आणखी दोन पायऱ्या. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, तसेच सलग १४ शब्दांपर्यंतची सामान्य वा योगायोगाची जुळणी त्या मोजणीतून वगळावी, असेही विनियम सांगतात. साम्याच्या चाचणीत उघड उत्तर असलेल्या स्थितींना अर्थ नसतो, त्याच न्यायाची ही तरतूद आहे. अंतिम निर्णय सॉफ्टवेअरने नव्हे, तर नेमलेल्या समितीने पुरावा पाहून द्यायचा आहे. प्रत्यक्षात मात्र टक्केवारीचा अहवाल आला, की पुष्कळदा वाचन तिथेच थांबते. आठ टक्के आलेल्या प्रबंधात दुसऱ्याची मूळ कल्पना नव्या शब्दांत लपलेली असू शकते. पंचवीस टक्के आलेल्या प्रबंधात केवळ प्रमाण पद्धतींची ठरलेली वर्णने असू शकतात.

आकडा कुठे खणावे ते दाखवतो. खणण्याचे काम माणसालाच करावे लागते. आयसीजीएच्या नियमांतही चालींच्या साम्याचे स्थान नेमके हेच होते: साम्य आढळले, तर स्पर्धा संचालकाला सोर्स कोड मागण्याचा अधिकार मिळे. त्याच नियमांत आणखी एक वाक्य होते, ज्याच्यावर वादाच्या धुरळ्यात फारसे कोणी थांबले नाही. दुसऱ्याच्या कोडवर आधारलेले इंजिन उतरवायचे असेल, तर त्या कर्त्याचे नाव प्रवेशपत्रात लिहावे, अशी अट होती. आठ हजार पटस्थिती, यंत्रभाषेची उलगड, चौकशी समिती आणि वर्षानुवर्षांची कटुता हे सारे ज्या गोष्टीच्या शोधात खर्ची पडले, तिच्यासाठी त्या प्रवेशपत्रात एक रकाना आधीपासूनच होता.